ठोस उदाहरणांसह मानपत्र

वाचकहो, एक गोष्ट मी आरंभीच नम्रपणे सांगून टाकतो, म्हणजे पुढे नम्रतेसाठी पुन्हा थांबावे लागणार नाही. मानपत्र कसे लिहावे हे या नगरात मला जितके कळते, तितके दुसऱ्या कोणालाही कळत नाही. आमची नगरपालिका दरवर्षी एका गुणवंत नागरिकाला ‘नगरसेवा सन्मान’ देते. त्यात पदक नगरपालिका देते, टाळ्या नागरिक देतात आणि गुण मी देतो. हा क्रम अठरा वर्षे अखंड चालू आहे. या काळात मी ग्रंथपालांना, डॉक्टरांना, पोहणे शिकवणाऱ्या एका बाईंना आणि नगराध्यक्षांच्या एका मेहुण्यांना मानपत्रे लिहून दिली. या मेहुण्यांविषयी कसून चौकशी करता, दुपारी बारापूर्वी त्यांच्यात कोणताही दुर्गुण आढळत नाही, एवढीच माहिती हाती लागली. कारण ते बाराला उठत. तेवढ्या सामग्रीवर मी दीड पान लिहिले. ते वाचले जात असता त्यांच्या पत्नीने शेजारच्या बाईंना विचारले की हे कोणाबद्दल चालले आहे. याहून मोठी पावती लेखकाला काय मिळणार!

यंदा मात्र नगरपालिकेत नवे मुख्याधिकारी आले. त्यांनी मला बोलावून घेतले, खुर्ची दिली आणि माझी अठराही मानपत्रे टेबलावर पत्त्यांसारखी पसरली. त्यांचे म्हणणे असे की मानपत्रे सुंदर आहेत, परंतु यातले कोणतेही कोणालाही देता येईल. ‘सेवेचा अखंड तेवणारा दीप’ अठरांपैकी चौदा ठिकाणी तेवत होता. उरलेल्या चार ठिकाणी तो धगधगत होता. यंदा त्यांना ठोस उदाहरणे हवी होती. सत्कारमूर्तीने काय केले, कोणासाठी, कुठे आणि कोणत्या दिवशी.

“विशेषणं थोडी आवरा, गुरुजी,” ते म्हणाले. “माणूस दिसू दे.”

मला हे लागले. परंतु ज्याने त्रेचाळीस वर्षे परीक्षेत ‘सोदाहरण स्पष्ट करा’ असे लिहून मुलांना घाम फोडला, त्याने स्वतःकडे उदाहरण मागितल्यावर रागावणे बरे नव्हे. मी तिथल्या तिथे संकल्प केला की यंदाचे मानपत्र असे लिहीन, की त्यातला शब्द न शब्द पुराव्यानिशी सिद्ध करता येईल. हा संकल्प मी पूर्णतेस नेला. तेच तर झाले!

यंदाचा सन्मान आमच्याच आळीतल्या प्लंबरला जाहीर झाला होता. पन्नाशीचा, अल्पभाषी, कानामागे पेन्सिल आणि खांद्याला कॅनव्हासची पिशवी असलेला हा गृहस्थ. आळीतल्या एकाहत्तर जणांनी सह्या करून त्याचे नाव सुचवले होते. एकाहत्तर माणसांचे एका गोष्टीवर एकमत होण्याचा आमच्या आळीतला हा पहिलाच प्रसंग. त्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘परवानाधारक’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या नावाच्या दुप्पट आकारात रंगवलेला आहे. त्याचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या परवान्याखाली राबले. याने सात वर्षे खेटे घालून, दोनदा परीक्षा देऊन तो परवाना मिळवला. परवाना नसेल तर नगरपालिकेच्या हद्दीत साधी तोटी बदलण्याचाही अधिकार नाही. त्यामुळे त्या चौकोनी कागदाला तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे वागवतो. दुकान उघडल्यावर प्रथम त्याची काच पुसतो, मग झाडू हातात घेतो.

मी वही घेऊन आळीत फिरू लागलो. शिवणकाम शिकवणाऱ्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. पाणी तिथवर चढत नसे आणि त्यांचा अर्ज पाणीपुरवठा विभागात दोन वर्षे पडून होता. प्लंबरने एका रविवारी येऊन, रस्त्याखालच्या मोठ्या नळालाच भोक पाडून, बाईंपर्यंत स्वतंत्र नळी आणली. सांगताना बाईंचा स्वर एकदम खाली आला. तो कृतज्ञतेने आला असे मी समजलो आणि कंसात ‘गहिवर’ असे टिपून ठेवले.

बेकरीवाल्यांकडचे मीटर गंजून त्यातून थेंब थेंब पाणी येत असे. नवे मीटर मागून चौदा महिने झाले होते. कणीक मळायला पाणी नाही म्हटल्यावर प्लंबरने मीटर काढून टाकले आणि तिथे सरळ नळी जोडली. ते मीटर बेकरीवाल्यांनी आजवर बिलांच्या चळतीवर वजन म्हणून ठेवले होते. तेही त्यांनी मला कौतुकाने दाखवले, आणि मग जरा चपापून विचारले, “हे कुठे छापून येणार नाही ना, गुरुजी?”

“छे,” मी म्हणालो. “छापून नाही. सुवाच्य अक्षरात हाताने लिहून, चौकटीत बसवून येईल.”

त्यांना हायसे वाटलेले दिसले. निदान मला तसे दिसले.

सर्वांत मोठी गोष्ट सूतिकागृहाच्या मेट्रनबाईंनी सांगितली. वरच्या आळीचे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह रस्त्यातल्या एका झाकणाखाली आहे. तो उघडण्याची चावी नगरपालिकेकडे एकच, आणि ती चावीवाल्याच्या ताब्यात. चावीवाला रजेवर गेला की चावीही रजेवर जाई. एकदा अशाच रजेत सूतिकागृहात दोन बाळंतिणी आणि एक बादली पाणी अशी अवस्था झाली. तेव्हा प्लंबरने चार फूट लांबीची, डोक्यावर आडवी मूठ असलेली, हुबेहूब तशीच लोखंडी चावी स्वतः घडवली. तेव्हापासून तो रोज सकाळी सरकारी वेळेच्या अर्धा तास आधी व्हॉल्व्ह उघडतो. सूतिकागृहालाच नव्हे, सगळ्या वरच्या आळीला त्यामुळे पाणी पुरते.

मी घरी आलो तो भारावून. एवढी सेवा आपल्या उशाशी चालली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता! चार दिवस बसून मी मानपत्र लिहिले. प्रत्येक उपकाराला तारीख, प्रत्येक उपकृताला पत्ता. आमच्या सौ.ना वाचून दाखवू लागलो, तर त्या कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, तुमचे एक मानपत्र ऐकले की सगळी ऐकली. अठरा वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी काढलेला हा निष्कर्ष चुकीचा नव्हता, फक्त एक वर्ष उशिरा आला होता.

रविवारी सकाळी अकराला नगरपालिकेच्या सभागृहात समारंभ झाला. सभागृह भरलेले होते. व्यासपीठावर मुख्याधिकारी, नगराध्यक्ष, आणि मधोमध इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभा असलेला प्लंबर, गळ्यात नुकतेच घातलेले पदक. त्याची वृद्ध आई पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारी पाणीपुरवठा विभागाचे अभियंते बसले होते. हेही गृहस्थ बदलून नवेच आलेले. खिशात सदैव मोजमापाची टेप असते आणि बोलता बोलता समोरच्या वस्तूची लांबी घेण्याची सवय आहे, म्हणून कार्यालयात त्यांना टेपसाहेब म्हणतात.

मी घसा साफ केला आणि आरंभ केला.

“ज्यांचा अर्ज नगरपालिकेच्या कपाटात दोन वर्षे निद्रासुख भोगत होता, अशा शिवणशिक्षिका बाईंच्या तृषार्त तिसऱ्या मजल्यासाठी या कर्मवीराने, कार्यालय बंद असल्याचा सुयोग साधून, मुख्य जलवाहिनीलाच स्वहस्ते छिद्र पाडले.”

सभागृहात अशी शांतता पसरली, की जिची वाट मी अठरा वर्षे पाहत होतो. आजवर माझे मानपत्र चालू असता लोक एकमेकांच्या मुलांच्या सोयरिकी जमवीत. आज श्वासही ऐकू येत नव्हता. एवढ्यात टेपसाहेबांनी शेजाऱ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. माझे डोळे पाणावले. एक अभियंता माझी वाक्ये उतरवून घेत होता! मी वाचनाचा वेग कमी केला, त्यांना सोयीचे व्हावे म्हणून.

“तारीख कोणती म्हणालात?” त्यांनी बसल्या जागेवरून अदबीने विचारले.

“गेल्या मार्चमधला दुसरा रविवार,” मी सांगितले आणि पत्ताही पुन्हा एकदा वाचला.

शिवणशिक्षिका बाई खांबाआड सरकल्या. थोड्या वेळाने पाहतो तो त्या खांबाआडही नव्हत्या. माझ्या शब्दांनी त्यांना हुंदका आवरेना झाला असावा. मग मी बेकरीवाल्यांकडे वळलो. “त्या गंजलेल्या लोहयंत्राचा समूळ उच्छेद करून तिथे याने एक सरळ, निष्कपट नळी बसवली,” हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण ‘निष्कपट’ मला फार साधले होते. बेकरीवाले उठले. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी, दोन मुलगे, सून आणि मेहुणा उठला. एवढे मोठे कुटुंब एकाच वेळी भावनावश झालेले मी तोवर पाहिले नव्हते.

प्लंबर माझ्या बाजूला उभा होता. आधी तो खोकला. मग त्याने पायाने माझ्या पायाला स्पर्श केला. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, पुढचं पान नको.”

मी ते सभेला सांगितले. खऱ्या सेवकाला स्वतःची स्तुती कशी ऐकवत नाही, याचे हे जिवंत उदाहरण पाहा, असे म्हणून मी पुढचे पान काढले. पुढच्या पानावर चावी होती. तिची लांबी, तिची मूठ, ती घडवण्यास लागलेले दिवस, ती रोज किती वाजता कोणत्या झाकणाखाली फिरते, सारे काही. “अशा रीतीने,” मी समारोप केला, “जे कार्य नगरपालिकेच्या एका चावीने साधेना, ते या थोर पुरुषाने नगरपालिकेला तोशीस न देता, किंबहुना तिला कळूही न देता साधले!”

टाळ्या पडल्या नाहीत. फक्त टेपसाहेबांनी दोनदा टाळी वाजवली आणि ते उठून जवळ आले. दूर मागच्या रांगेत आमच्या सौ. माझ्याकडे पाहत होत्या. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली, पण ती मुद्रा मला नवीन होती. दुसऱ्या क्षणी त्याही दाराबाहेर पडल्या.

टेपसाहेबांनी माझे अभिनंदन केले. इतके मुद्देसूद लेखन आपण नगरपालिकेत प्रथमच ऐकले असे ते म्हणाले, आणि मानपत्राची एक प्रत, शक्य तर माझ्याच अक्षरात, त्यांना मिळेल का असे विचारले. वाचकहो, आयुष्यात कोणी माझ्या हस्ताक्षराची मागणी केलेली नव्हती. मी तिथेच टेबल ओढून बसलो. मूळ प्रत चौकटीसाठी हवी असल्यामुळे सगळी पाने पुन्हा उतरवून काढली. मी घाईत लिहीत नाही. प्रत्येक वेलांटीला तिचा मान देतो. सव्वा तास लागला. टेपसाहेब चुळबुळ करीत उभे होते, टेबलाची लांबी-रुंदी मोजत होते, आणि मधूनमधून घड्याळ पाहत होते. शेवटी त्यांनी सुचवल्यावरून मी खाली एक ओळ घातली, ‘वरील सर्व मजकूर मी स्वतः घरोघर चौकशी करून, खात्री करून लिहिला आहे’, आणि त्याखाली सही, तारीख, वेळ.

घरी परतताना आमच्या आळीत शिरलो तो सगळा रस्ता ओला. ज्याच्या त्याच्या दारात माणसे फरशी पुसत होती. बेकरीवाल्यांचे कुटुंब भिजलेली पिठाची पोती बाहेर आणत होते. मागून कळले ते असे. समारंभातून निघालेल्या मंडळींनी आपापल्या नळ्या आपल्याच हातांनी उपटायला सुरुवात केली. बेकरीवाल्यांनी भट्टीतले पाव ओढायच्या सळईने ती निष्कपट नळी उचकटली आणि नेमकी तेव्हाच दुपारचे पाणी सुटण्याची वेळ झाली. शिवणशिक्षिका बाई तुटलेल्या नळीवर अंगठा दाबून पाऊण तास उभ्या होत्या. अखेर प्लंबर व्यासपीठावरून उतरला तो पदकासह धावत आळीत आला आणि त्याने एकेक भोक बुजवत, एकेक नळी काढत, जुने गंजके मीटर परत जागेवर बसवत सगळी आळी सव्वा तासात कायदेशीर करून टाकली. टेपसाहेब माझी प्रत घेऊन पोचले तेव्हा त्यांना ओला रस्ता आणि स्वच्छतेची विलक्षण आवड असलेले नागरिक, एवढेच सापडले.

मला यातले अजून काही ठाऊक नव्हते. मी घरात पाऊल टाकले. मागच्या अंगणात जिथे आमची दुसरी तोटी असे, तिथे भिंतीला ओले सिमेंट होते आणि समोर एक कुंडी.

“तोटी कुठे गेली?” मी विचारले.

“बसा आधी,” सौ. म्हणाल्या.

मी बसलो. त्यांनी समजावून सांगितले. तिसऱ्या मजल्याची नळी म्हणजे काय, मीटर काढणे म्हणजे काय, नगरपालिकेची चावी घडवणे म्हणजे काय. प्रत्येकाला कोणता नियम लागू होतो हे त्यांना पाठ होते. आळीतल्या सगळ्यांनाच पाठ होते.

“पण आपली तोटी तर सात वर्षं व्यवस्थित चालत होती,” मी म्हणालो.

“अहो, आळीत कुणाला पाणी नाही आणि आपल्या अंगणात धो धो,” त्या म्हणाल्या. “ते कशाने येतंय असं वाटलं तुम्हाला? तुमच्या सदाचाराने?”

खरे सांगतो, तसेच काहीसे वाटले होते.

मग माझी दृष्टी खिडकीकडे गेली. तिथे नवा पडदा होता. पडद्याची दांडी लोखंडी, जाडजूड, चार फूट लांब, आणि तिच्या एका टोकाला आडवी मूठ होती. मी बोट दाखवले. सौ. म्हणाल्या की पडदा ओढायचा नाही, आणि त्याबद्दल बोलायचेही नाही.

मंगळवारी प्लंबर घरी आला. त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरे वाटले असते. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्याने नोटीस माझ्या हातात दिली. परवाना चौकशीपर्यंत स्थगित. सुनावणी गुरुवारी. आरोप सिद्ध झाल्यास परवाना कायमचा रद्द. सोबत जोडलेली कागदपत्रे, एक: मानपत्राची स्वाक्षरित प्रत.

“तुम्ही चांगलंच लिहिलंत, गुरुजी,” तो म्हणाला. “आईने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिला वाटत होतं मी दिवसभर बाहेर नुसता उंडारतो.”

त्याने सांगितले की दुकानात त्या कागदाची काच आज त्याने पुसली नाही. कागद भिंतीवर नव्हताच. सोमवारीच एक शिपाई येऊन घेऊन गेला होता. भिंतीवर पांढरा चौकोन तेवढा उरला आहे. त्याच्याकडे काम करणारे दोघे जण आता काय करायचे असे विचारत होते.

“काही उपाय?” मी विचारले.

“टेपसाहेबांना आळीत काहीच सापडलं नाही. सगळं जागच्या जागी आहे.” त्याने नोटिशीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. “पुरावा म्हणाल तर तुमचा कागद. तो खरा आहे असं तुम्ही म्हणालात तर मी गेलो. खोटा आहे म्हणालात तर सुटलो. पण तुम्हाला कसं सांगू, गुरुजी? तुम्ही आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलंत.”

हे बोलून तो गेला, आणि जाता जाता आमच्या स्वयंपाकघरातली ठिबकणारी तोटी बंद करून गेला. परवाना नसताना. मग दारात थांबून म्हणाला, “हे लिहू नका कुठं.”

दोन दिवस मी जेवलो नाही असे म्हणणार होतो, पण जेवलो. मात्र चव लागली नाही. वाचकहो, माझ्या दुःखाचे स्वरूप नीट ध्यानात घ्या. अठरा वर्षे मी ज्यांचे गुण कल्पनेतून काढले, त्यांच्या मानपत्रांखाली मी डोळे मिटून सही केली. उभ्या आयुष्यात एकच मानपत्र असे लिहिले की ज्यातला प्रत्येक शब्द खरा होता. आणि तेच असत्य आहे असे मला आता सही करून द्यायचे होते. शिवाय ते सांगताना, माझ्याच बैठकीच्या खिडकीत त्याचा लोखंडी पुरावा पडदा सांभाळत असणार होता.

गुरुवारी मी सुनावणीला गेलो. पाणीपुरवठा विभागाची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. भिंतीवर नगराच्या नळांचा पिवळा पडलेला नकाशा, कोपऱ्यात कोरडे बेसिन, त्यावर ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी. टेपसाहेब टेबलामागे होते. बाजूला हेडक्लार्क फाइलींना दोरे बांधत होते. हे गृहस्थ या कार्यालयात माझ्या पहिल्या मानपत्रापासून आहेत. प्लंबर बाकावर बसला होता, हात मांडीवर, कानामागे पेन्सिल नाही.

टेपसाहेबांनी माझीच प्रत माझ्यापुढे सरकवली. “ही सही तुमची? आणि हा मजकूर खात्री करून लिहिलाय असं तुम्हीच म्हटलंय?”

“होय.”

“म्हणजे यातलं सगळं खरं आहे.”

मी प्लंबरकडे पाहिले नाही. नकाशाकडे पाहिले. मग म्हणालो, “नाही. असत्य आहे.”

“कुठलं वाक्य?”

“सर्व.”

त्यांनी लेखी मागितले. मी पेन उघडले. लिहिले की ‘सदर मानपत्रातील छिद्र, नळी, मीटर व चावी ही केवळ माझ्या कल्पनेची निर्मिती असून सत्कारमूर्तीने यांपैकी काहीही केलेले नाही. स्तुतीच्या भरात मी त्याच्यावर नसते सद्गुण लादले.’ अक्षर मात्र बिघडू दिले नाही. खाली सही केली. आता गडगडाट होणार, टेपसाहेब ओरडणार, मुख्याधिकारी धावत येणार, उद्यापासून नगर मला खोटारडा म्हणणार, अशा तयारीने मी डोळे मिटून उभा राहिलो.

हेडक्लार्कांनी तो कागद घेतला, वाचला, त्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि मान वर न करता म्हणाले, “एवढं कशाला लिहिलंत, गुरुजी? मानपत्र पुरावा म्हणून धरायचंच नाही, असा ठराव आहे आपल्याकडे.”

“कसला ठराव?” टेपसाहेबांनी विचारले.

“पंधरा वर्षं झाली, साहेब. तुम्ही नवीन. त्या वर्षीच्या सत्कारमूर्तींनी गुरुजींच्या ‘अहोरात्र सेवा’ या शब्दांवरून रात्रपाळीचा भत्ता मागितला होता. तेव्हापासून गुरुजींचं काहीच कुणी खरं धरत नाही.” आणि त्यांनी फाइल काढून ठराव दाखवला. सर्वानुमते संमत होता. सूचक नगराध्यक्ष, अनुमोदक सगळे.

टेपसाहेबांनी ठराव दोनदा वाचला. मग खिशातली टेप काढली, थोडी ओढली, परत सोडली आणि परवाना देऊन टाका असे म्हणाले. प्लंबरने तो दोन्ही हातांनी घेतला आणि शर्टाच्या बाहीने काच पुसली.

मी हेडक्लार्कांना विनंती केली की ठराव आहेच तर माझे हे निवेदन मला परत द्यावे. ते म्हणाले की आवक क्रमांक पडला, आता परत देता येत नाही. ते कायमच्या दप्तरात राहील.

पंधरा वर्षांपूर्वीच नगरपालिकेने सर्वानुमते मला खोटारडा ठरवले होते आणि मी आज, काही गरज नसता, त्याला लेखी दुजोरा दिला होता. जिना उतरताना प्लंबरने माझा हात धरला. म्हणाला की उगीच त्रास झाला तुम्हाला. मी म्हणालो, त्रास कसला.

त्याने नंतर अर्ज करून माझ्या निवेदनाची नक्कल मिळवली. पुढेमागे एखादा नवा साहेब आला तर जवळ असलेली बरी, असे त्याचे मत. आता त्याच्या दुकानात मधे परवाना आहे, वर मानपत्राची चौकट आहे आणि खाली तेवढ्याच आकाराची निवेदनाची चौकट. दोन्हींखाली सही माझीच. नळ दुरुस्तीला आलेले गिऱ्हाईक आधी वरचे वाचते, मग खालचे वाचते, आणि विचारते की यातले खरे कोणते.

“अक्षर,” प्लंबर म्हणतो. “ते खरंच गुरुजींचं आहे.”